पोरं अडतात तिथं

दोस्तांनो, आपल्या प्रत्येक वस्तीत बाबासाहेबांचा फोटो आहे आणि बहुतेक फोटोंत पुस्तक आहे. 14 एप्रिलला त्याच फोटोखाली उभं राहून आपण पोरांना सांगतो, वाचा रे, बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचायचे. पोरं टाळ्या वाजवतात. डीजे लागला की पांगतात. मग आपलाच एखादा कार्यकर्ता म्हणतो, ही पिढी मोबाईलनं बिघडवली.

मला हे पटत नाही. मी जिनिंग मिलमध्ये कामाला आहे. सीझनला दिवसभर कापसाची धूळ नाकातोंडात जाते. संध्याकाळी अंग धुवून भडगावातल्या आमच्या वस्तीत आठ-दहा पोरंपोरी घेऊन बसतो. मी स्वतः नववीत शाळा सुटलेला, जे वाचलं ते शाळेबाहेर. त्यामुळे एक गोष्ट मला माहीत आहे. मोबाईल नंतर आला. पोरगं त्याच्या आधीच भ्यालेलं असतं. वर्गात उभं राहून वाचताना ते जोडाक्षरापाशी अडतं. मागून हसू येतं. आडनाव आपलं असलं की ते हसू जरा लांबतं. तिथून पुढं पोरगं पुस्तक उघडत नाही. विचारलं तर म्हणतं, "काय करनं शे दादा वाचीसन?"

ह्याला आपण आळस म्हणतो. ही अडण्याची लाज आहे.

म्हणून आमच्याकडं एकच नियम ठेवला. जो अडेल त्यानं हात वर करायचा आणि सगळ्यांनी तिथंच थांबायचं. शब्दाला अडला तर शब्द फोडायचा. अर्थाला अडला तर त्याचा प्रश्न वहीत लिहायचा. हसायचं नाही.

वाचायला घेतलं 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. बाबासाहेबांनी 1930 च्या दशकात हे इंग्रजीत लिहिलं. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते 1990 साली पुस्तिका म्हणून काढलं. मराठीतही आहे. त्यातला एक प्रसंग आपल्या शेजारच्या चाळीसगावचा. काजगावहून मुंबईकडची गाडी धरली की पुढचं मोठं स्टेशन तेच.

साल 1929. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला मुंबई सरकारनं समिती नेमली होती, बाबासाहेब तिचे सभासद. धुळ्याच्या बाजूच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला उतरले. स्टेशनावर आपली माणसं हार घेऊन उभी. महारवाडा नदीपलीकडं, पायी जाण्याइतका. तरी तासभर कुणी हललं नाही. मग एक टांगा आला. नदीच्या फरशीवर घोडा उधळला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. टांगा घोड्यासकट नदीत पडला.

पहिला हात वर झाला तो 'टांगा' ह्या शब्दाला. कुणी पाहिलेलाच नव्हता. दुसरा हात सातवीतल्या एका पोरीचा. "दादा, तठे एक तास काबरं लागना?"

पुढचं पान उलटू दिलं नाही. आधी सगळ्यांनी अंदाज करायचा. घोडा दमला असेल, भाडं जास्त मागितलं असेल. मग वाचलं. बाबासाहेबांनाही ते आधी कळलं नव्हतं, चौकशी केल्यावर कळलं. टांगेवाले अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हते. साहेबांनी पायी यावं हे आपल्या माणसांना सहन होत नव्हतं. तडजोड झाली. टांगा भाड्यानं मिळेल, हाकणारा तुमचा आणा. आपल्यातला एक बसला. त्याला हाकता येत नव्हतं.

चूक कुणाची, ह्यावर दोन संध्याकाळ भांडण चाललं. टांगेवाल्याची, हे सगळ्यांना मान्य. पण बाबासाहेब आपल्या माणसांनाही सोडत नाहीत. मान जपायला निघाले आणि जीव विसरले, असं ते मांडतात. हे वाचून पोरं गप्प झाली. देवासारखा पुजलेला माणूस आपल्यालाच प्रश्न विचारतो, हे त्यांना नवीन होतं.

मग कधी तोंड न उघडणारा एक जण बोलला. हे आधी येऊन गेलंय, म्हणाला. पानं मागं चाळली. सुमारे 1901. मसूरच्या स्टेशनावर लहानगा भीमराव आणि बरोबरची पोरं. गाडीवान दुप्पट भाडं घेतो, गाडी पोरांनीच हाकायची, तो पायी चालणार. त्यानं वजाबाकी केली. "28 वर्षं. बॅरिस्टर झाले, तरी गाडी आपणच हाकायची." हे मी शिकवलेलं नव्हतं.

आता कडू भाग. ह्याच पोरानं दहावीनंतर शाळा सोडली. सोळाव्या वर्षी मायसोबत एका ठेकेदाराकडं रोजानं गेला. व्हाऊचरवर रकमेची जागा कोरी, खाली सही कर म्हणाले. त्यानं आमच्यात करतात तसा हात वर केला. इथं आकडा नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी दोघांनाही कामावर घेतलं नाही. त्याची माय माझ्या दारात आली. "पोराले शिकाडं का बिघाडं?" तिला काय सांगणार? चूल तिची बंद होती.

दोस्तांनो, म्हणून हे तुमच्यासाठी लिहितो. पोराला अडायला शिकवलं की आपलं काम वाढतं. वर्गात त्याचा हात एकटा वर असला तर हसू होतं. कामावर एकटा असला तर रोज बुडतो. त्याच्या शेजारी आपले हात पाहिजेत, ठेकेदारापुढंही.

आणि येत्या 14 एप्रिलला भाषणातली पंधरा मिनिटं कापा. चाळीसगावचं पान मोठ्यानं वाचा. जो अडेल त्याच्या हातात माईक द्या.