सामाइक करवत

एकत्र कुटुंबांत जी वस्तु सर्वांची असते, ती बहुधा कोणाचीच नसते. आपापली छत्री जो तो पावसाळ्यापूर्वीं दुरुस्त करून आणतो, आपापलें पुस्तक जो तो कव्हर घालून जपतो. परंतु पडवींतली शिडी, माळ्यावरचें मोठें पातेलें आणि विहिरीवरचा पंप यांची आठवण होते ती तीं निकामी झालीं म्हणजे. या जुन्या सत्याचा पडताळा आमच्या घरांत पुनः एकदां ज्या वस्तूनें आणून दिला, ती वस्तु म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. गांवांत तिला कोणी ‘कटर’ म्हणतात, कोणी ‘चेन-सॉ’ म्हणतात.

ही करवत आमच्याकडे आली ती हौसेनें नव्हे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडपासून दक्षिणेस दापोलीपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दिवसांत आडव्या झाल्या. भाताचें पीक गेलें तर नुकसान एका वर्षाचें असतें. पोफळ पडली तर नवें रोप फळाला येण्यास पांच-सात वर्षें वाट पाहावी लागते. वादळ ओसरल्यावर पाहावें तों परसांत पाऊल ठेवण्यास जागा नाहीं, गोठ्यावर फणसाची फांदी, पाखाडीवर आंबा आडवा, आणि दिवसामागून दिवस गेले तरी गांवांत विजेचा पत्ता नाहीं. कुऱ्हाड चालविणारे हात थोडे, पडलेलीं झाडें अगणित. अशा वेळीं घरांतील चारी बिऱ्हाडांनीं वर्गणी काढून ही करवत आणविली. पेट्रोलची घेतली ती वीज नसतांनाहि चालावी म्हणून.

यंत्र मोठें मौजेचें आहे. जर्मनींत आंद्रेआस श्टील यानें १९२६ सालीं विजेवर चालणारी साखळी-करवत तयार केली, ती पेलण्यास दोन माणसें लागत. एकट्या माणसानें वापराव्या अशा हलक्या करवती रूढ झाल्या त्या पुढें १९५० नंतर. पण करवतीचा खरा प्राण जी साखळी, तिची गोष्ट निराळीच आहे. अमेरिकेंत ओरेगॉन प्रांतीं जोसेफ कॉक्स नांवाचा लाकूडतोड्या होता. १९४६ सालीं लाकूड पोखरणारी एक अळी त्याच्या दृष्टीस पडली. तिचे दोन जबडे आळीपाळीनें उजवीकडे व डावीकडे कातरीत, आणि लाकडाच्या उभ्या रेषेंतून काय किंवा आडव्या रेषेंतून काय, ती सारख्याच सहजतेनें पुढें जाई. त्या निरीक्षणावरून त्यानें एक दात उजव्या अंगाचा व एक डाव्या अंगाचा अशी साखळी घडविली आणि १९४७ सालीं ती विक्रीस आणली. आजच्या साखळ्या त्याच घडणीच्या वंशांतल्या आहेत. ज्या अळीला आपण शत्रु म्हणून चिरडतों, तिच्यापुढें हा मनुष्य विद्यार्थी होऊन बसला, ही गोष्ट मला नेहमींच आवडत आलेली आहे.

पहिल्या वर्षीं करवतीनें उत्तम काम दिलें. ज्याला हवी त्यानें न्यावी आणि काम सरलें कीं जिन्याखालीं ठेवावी, असा क्रम होता. पुढच्या वर्षीं, मे २०२१ मध्यें, तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलें तेव्हां आमच्या पाखाडीवर ऐनाचें झाड पडलें. थोरल्या वहिनींना दुसऱ्या दिवशीं सकाळीं दवाखान्यांत न्यावयाचें ठरलें होतें. करवत बाहेर काढली, दोरी ओढली. ती एकदां खोकली आणि गप्प बसली. दोरी ओढून ओढून चौघांचे खांदे भरून आले. मग मतें निघालीं: एकाच्या मतें प्लग गेला होता, दुसऱ्याच्या मतें यंत्रच मुळांत वाईट होतें, तिसऱ्यानें दुकानदाराच्या सचोटीविषयीं शंका काढली. शेवटीं वहिनींना खुर्चींत बसवून, चार माणसांनीं ती खुर्ची उचलून, बुंध्यावरून पलीकडे न्यावें लागलें. त्या स्वतः हंसत होत्या. पण खुर्ची वर उचलतांना त्यांनीं डोळे घट्ट मिटून घेतले होते, तें मी विसरलों नाहीं.

दोन दिवसांनीं धाकट्या सूनबाईनें खोक्याच्या तळाशीं घडी न मोडतां पडलेली माहितीपुस्तिका काढून वाचली आणि ओटीवर जुनें वर्तमानपत्र पसरून यंत्र उघडलें. तिचें शिक्षण पदार्थविज्ञानाचें. “काका,” ती म्हणाली, “इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: हवा, इंधन आणि ठिणगी. त्यांतली कोणती मिळत नाहीं एवढेंच शोधायचें. त्याच्यावर रागावून काय होणार?”

त्या दिवशीं जें पाहिलें आणि पुढील वर्षांत जें हाताखालून गेलें, त्याचें सार येथें देतों. ज्यांच्या वाडींत असें यंत्र आहे त्यांच्या तें उपयोगी पडेल.

प्रथम हवेची गाळणी पाहावी. ती भुशानें भरली असेल तर यंत्र गुदमरतें. ती झटकावी आणि पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें स्वच्छ करावी. मग प्लग काढावा. तो ओला असेल तर इंजिनांत पेट्रोल फाजील झालें आहे. चोक ओढून ठेवून दोरीला झटके देत राहिलें कीं असें होतें. अशा वेळीं बटण बंद ठेवून, चोक काढून, प्लग न बसवितां दोरी कांहीं वेळां ओढली म्हणजे सांचलेलें पेट्रोल बाहेर पडतें. प्लगावरची काजळी पुसावी. त्याच्या टोंकाशीं बहुधा अर्ध्या मिलिमीटरची फट असते. प्लग कोरडाच असेल तर इंधन पोंचत नाहीं असें समजावें. टाकींतील नळीच्या टोंकाची लहान गाळणी तुंबलेली असेल, नळीला चीर गेली असेल किंवा कार्बुरेटरांत राळ बसली असेल. यंत्र थोडा वेळ चालून बंद पडत असेल, आणि टाकीचें झांकण सैल करतांच पुनः चालत असेल, तर टाकींत हवा शिरण्याची वाट बुजली आहे हें निश्चित.

आमच्या करवतीचा रोग कार्बुरेटरांत निघाला. वर्षभर टाकींत राहिलेल्या पेट्रोलाचा चिकट गाळ झाला होता आणि आंतला रबरी पडदा ताठरला होता. म्हणजे प्लग निर्दोष, यंत्र निर्दोष आणि दुकानदारहि निर्दोष! आतां तर आपल्याकडील पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें हवेंतील ओल शोषून घेतें, आणि कोंकणांतील पावसाळ्यांत ओलीला काय तोटा? म्हणून मिश्रण लागेल तेवढेंच करावें, महिन्याहून अधिक ठेवूं नये, आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करून, यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें. मिश्रण म्हणण्याचें कारण असें, कीं टू-स्ट्रोक इंजिनाला निराळें वंगण नसतें. पेट्रोलांत घातलेलें तेल हेंच त्याचें वंगण. पुष्कळशा यंत्रांना पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर तेल लागतें. पण आपल्या पुस्तिकेंत जें प्रमाण असेल तेंच प्रमाण मानावें. निव्वळ पेट्रोल घातलें तर दट्ट्या सिलिंडरांत घासून यंत्र कायमचें बसतें.

इंजिन सुरू झालें म्हणजे निम्मेंच काम झालें. कापतात ते दात, इंजिन नव्हे. दात तीक्ष्ण आहेत कीं बोथट, हें करवतीच्या तोंडून पडणारा माल सांगतो: ढलप्या पडल्या तर तीक्ष्ण, पिठासारखा भुसा पडला तर बोथट. तीक्ष्ण करवत आपल्याच भारानें लाकडांत उतरते. ती जोर मागूं लागली कीं थांबावें आणि कानस घ्यावी. घरगुती करवतीच्या बारीक साखळीला बहुधा ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. दाताच्या आंतून बाहेर, एकाच दिशेनें, साधारण ३० अंशांच्या कोनानें ती ढकलावी, आणि परत आणतांना उचलून घ्यावी. प्रत्येक दाताला सारखेच हात द्यावे, आणि सर्वांत आंखूड झालेल्या दाताच्या मापानें बाकीचे घासावे. उजव्या अंगाचे दात लांब आणि डाव्या अंगाचे आंखूड झाले, तर करवत सरळ न जातां वळत जाते. प्रत्येक दातापुढें एक लहान उंचवटा असतो. दात किती खोल चावावा हें तो ठरवितो. दात घासून घासून खालीं आले म्हणजे त्यालाहि चपट्या कानशीनें किंचित् उतरवावें लागतें. मात्र तो फार उतरला तर करवत लाकडाला हिसका देते. माडाचा तंतुमय बुंधा दात फार लवकर बोथट करतो, आणि मातीला तर क्षणभर टेकली तरी साखळीची धार गेलीच.

साखळी ज्या पट्टीवरून धांवते तिला वेगळें तेल लागतें. यंत्र चालू करून टोंक एखाद्या पांढऱ्या कागदासमोर, न टेकवितां, धरावें. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली तर तेल पोंचतें आहे. न उमटल्यास पट्टीचें भोंक भुशानें बुजलें असेल, तें साफ करावें. मोटारींतून काढलेलें काळें तेल घालण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे, ती वाईट. त्यांत धातूचा कीस असतो आणि शेवटीं तें आपल्याच झाडांच्या मुळाशीं जातें. साखळी थंड असतांना पट्टीला लागून बसावी, पण हातानें सहज फिरावी. तापल्यावर ती लांबते. तेव्हां आंवळली तर काम संपल्यावर सैल करण्यास विसरूं नये, नाहीं तर थंड होतांना आखडून ती आंतील दांड्यावर ताण आणते. पट्टी मधून मधून उलटी बसवावी, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

जपणुकीचा सर्वांत मोठा भाग स्वतःला जपण्याचा आहे. पट्टीच्या टोंकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर करवत डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं तोंडाकडे उसळते. पुढच्या मुठीसमोरील ढाल हा त्यावरचा ब्रेक, आणि तो लागतो कीं नाहीं हें रोज कामापूर्वीं पाहावें. धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा गळ्यांतील उपरणें यांना येथें स्थान नाहीं. बूट आणि चष्मा हवा, खांद्याच्या वर करवत उचलावयाची नाहीं, आणि ती दोन्ही हातांनींच धरावयाची. वादळानें पडलेलें झाड मेलेलें दिसलें तरी त्यांत ताण भरलेला असतो. जी बाजू दबलेली असते तिकडून थोडें कापून मग ताणलेल्या बाजूकडून कापावें, नाहीं तर करवत अडकते किंवा बुंधा उसळतो. बुंधा तुटतांच उपटलेलें मूळ पुनः उभें राहतें, म्हणून त्याच्या मागें मूल उभें राहूं देऊं नये. उभ्या झाडाची गोष्ट तर निराळीच. आंबा, फणस, ऐन, साग अशीं झाडें आपल्या मालकीचीं असलीं तरी महाराष्ट्रांत १९६४ च्या कायद्याप्रमाणें परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. हातीं करवत आली म्हणजे तोडण्याचा अधिकार आला, असें नव्हे.

आतां मूळ मुद्दा. आपल्या सुशिक्षित घरांना यंत्र विकत घेण्याची हौस आहे, पण त्याच्यापुढें मांडी घालून बसण्याची नाहीं. तेलानें हात काळे करणें हें गड्याचें किंवा मिस्त्रीचें काम, अशी एक न बोललेली समजूत आपल्या ओसऱ्यांवर अजून बसलेली आहे. आणि खंडेनवमीला मात्र याच यंत्रांना आपण हळद-कुंकू वाहतों, झेंडूची माळ घालतों! तो मुहूर्त खरोखर योग्य आहे: पाऊस सरलेला असतो आणि लांकडाचें काम पुढें असतें. पूजेपूर्वीं यंत्र उघडून, पुसून, धार लावून मग त्याला फूल वाहिलें, तर त्या पूजेला कांहीं अर्थ येईल. आमच्याकडे आतां तसें होतें. करवत सूनबाईच्या ताब्यांत असून एक वही खुंटीला टांगलेली आहे. करवत कोणी नेली, धार केव्हां लावली, टाकी रिकामी केली कीं नाहीं, हें तींत लिहावें लागतें. थोरले भाऊहि लिहितात. प्रारंभीं या शिस्तीची थोडी थट्टा झाली. नंतरच्या पावसाळ्यांत करवत दुसऱ्याच ओढीला सुरू झाली, तेव्हांपासून ती थांबली.

एकत्र कुटुंब मोडतें तें भांडणानें, असें आपण म्हणतों. मला वाटतें, तें पुष्कळदां मोडतें तें ‘कोणीतरी करील’ या दोन शब्दांनीं. वस्तूवर हक्क सर्वांचा असावा. परंतु तिची निगा कोणा एकाच्या नांवावर असावी आणि त्या एकाचा शब्द इतरांनीं, वयाचा किंवा नात्याचा विचार न करतां, मानावा. एवढें साधलें तर घरांतलें यंत्र टिकतें, आणि त्याच्याबरोबर घरहि.