आमच्या घराण्याचा वंशवृक्ष

नाशिकच्या रामकुंडावर बाहेरगांवचा यात्रेकरू आला, कीं तीर्थोपाध्याय त्याला दोन गोष्टी विचारतात: आडनांव काय, आणि मूळचें गांव कोणतें? उत्तर मिळतांच योग्य ती जुनी वही काढण्यांत येते, आणि त्याचे आजे-पणजे कोणत्या सालीं येथें आले होते, त्यांच्यासमवेत कोण कोण होतें, हें त्याला वाचून दाखविण्यांत येतें. कित्येक पानांवरील मजकूर मोडींत असतो. वाचन झाल्यावर यात्रेकरू आपलें, आपल्या भावांचें व मुलाबाळांचें नांव त्याखालीं लिहवितो, आणि वही पुढील पिढीची वाट पाहत पुन्हां बासनांत जाते. त्र्यंबकेश्वरीं हीच रीत आहे, हरिद्वारींही आहे. इतिहास म्हणजे केवळ राजेलोकांच्या लढाया असें ज्यांना वाटतें, त्यांनीं एकदां तरी अशी वही उघडतांना पाहावी.

आमच्या घराण्याचें पान त्या वह्यांत नाहीं. निदान कोठें आहे हें आम्हांस ठाऊक नाहीं. आमची नामावळ चर्चच्या दप्तरांत आहे. बाप्तिस्म्याचें एक पुस्तक, विवाहाचें एक व दफनाचें एक, अशीं तीन पुस्तकें. ख्रिस्ती माणसाचें सारें आयुष्य ह्या तीन पुस्तकांत मावतें, असें माझे वडील थट्टेनें म्हणत असत.

गेल्या दिवाळीच्या सुटींत मीं नववीच्या वर्गाला आपापला वंशवृक्ष काढून आणण्यास सांगितलें. आईकडचा, वडिलांकडचा किंवा ज्यांनीं वाढविलें त्यांचा, ज्याला जो काढावासा वाटेल तो काढावा, एवढीच अट होती. मुलांना सांगावयाचें तें स्वतः करून पाहावें, ह्या जुन्या मास्तरी संवयीनुसार मीही आमचा वृक्ष काढावयास बसलें. संगणकावर हें काम फुकट करून देणारीं साधनें आज पुष्कळ आहेत. त्यांपैकीं फॅमिलीसर्च ह्या नांवाचें साधन मीं निवडलें. अमेरिकेंतील यूटा संस्थानांत ज्यांचें मुख्य पीठ आहे, त्या एका ख्रिस्ती पंथानें तें १९९९ सालीं सर्वांस खुलें केलें. पूर्वजांचा शोध हा त्या पंथाच्या धर्माचरणाचाच भाग असल्यामुळें त्यांनीं जगभरच्या जुन्या दप्तरांचीं छायाचित्रें जमविलीं आहेत. त्यांत हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही आहेत! ज्यांना आपलें घर परक्याच्या अंगणांत मांडावयाचें नसेल, त्यांच्यासाठीं ग्रॅम्प्स नांवाचें दुसरें फुकट साधन आहे. तें आपल्याच संगणकावर राहतें.

साधनाची रीत अगदीं सोपी आहे. आपलें नांव एका चौकटींत घालावयाचें. तिच्यावर आईवडिलांच्या दोन रिकाम्या चौकटी आपोआप उमटतात. त्या भरल्या, कीं आणखी चार. बायबल वाचणाऱ्या मुलांना हें नवें वाटूं नये. मत्तयाच्या शुभवर्तमानांत अब्राहामापासून खालीं उतरत येणारी वंशावळ आहे, तर लूकच्या शुभवर्तमानांत येशूपासून वर आदामापर्यंत चढत जाणारी. वंशवृक्ष मांडण्याचे मुख्य प्रकार हेच दोन, उतरता आणि चढता. उतरत्या वृक्षांत भाऊबंदांची गर्दी होते. चढत्यांत दर पायरीला संख्या दुप्पट होत जाते: दोन, चार, आठ, सोळा. दहाव्या पायरीवर १,०२४ पूर्वज, विसाव्या पायरीवर १०,४८,५७६, आणि तिसाव्या पायरीवर १०७ कोटींच्याही वर. तिसावी पायरी म्हणजे सुमारें आठ-नऊशें वर्षांपूर्वींचा काळ. तेव्हां साऱ्या पृथ्वीवरही इतकीं माणसें नव्हतीं. मग हा हिशेब जुळतो कसा? मुलांना मीं हें कोडें घातलें, आणि त्याचें उत्तर मला आमच्याच घरांत सांपडलें.

माझ्या आईच्या वडिलांनीं आपल्या सख्ख्या मामाची मुलगी केली होती. महाराष्ट्रांत ही रीत जुनी आहे. इरावतीबाई कर्वे ह्यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या नात्यांवरील इंग्रजी ग्रंथांत तिचा विचार केला आहे. परिणाम असा, कीं माझ्या आईला आठाऐवजीं सहाच पणजे-पणज्या. चौकटी आठ, पण त्यांत दोन माणसें दोनदां! अशीच माणसें मागें मागें पुनःपुन्हां येत जातात, म्हणून तो कोट्यवधींचा आंकडा खोटा ठरतो. वंशवृक्ष हा खरें पाहतां वृक्ष नव्हेच. तें वडाच्या पारंब्यांसारखें एकमेकांत गुंतलेलें जाळें आहे.

खरी अडचण आली ती बायकांच्या नांवांची. साधन ज्या देशांत तयार झालें, तेथें बाईचें आडनांव लग्नानें बदललें तरी तिचें नांव तेंच राहतें. आपल्याकडे कित्येक घरांत दोन्हीही बदलत. नाशिकजवळच्या जलालपूर गांवीं १८६८ सालीं जन्मलेली मनकर्णिका गोखले १८८० सालीं लग्न होऊन लक्ष्मी टिळक झाली. १९३४ पासून तिचीं ‘स्मृतिचित्रें’ प्रसिद्ध होऊं लागलीं, म्हणून तिचें माहेरचें नांव आज शाळकरी मुलांनाही सांगतां येतें. ज्यांनीं पुस्तक लिहिलें नाहीं, त्यांचें माहेर बहुधा त्यांच्याबरोबरच गेलें. माझ्या आजीच्या आईचें माहेरचें नांव मला तीन नातेवाइकांनीं तीन निरनिराळें सांगितलें, आणि तिघेही आपल्या म्हणण्यावर ठाम! विवाहाच्या पुस्तकांत पाहिलें, तों चौथेंच निघालें. ह्या बाबतींत आपल्या राज्याच्या शासनानें एक चांगली गोष्ट केली आहे. १ मे २०२४ रोजीं व त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नांवांत, सरकारी कागदोपत्रीं, वडिलांच्या आधीं आईचें नांव येतें. पुढें जे कोणी वृक्ष काढतील, त्यांना ह्याचा उपयोग होईल.

तारखांचीही तीच गत. आमच्या कुटुंबांत पांच माणसें १ जून ह्या एकाच दिवशीं जन्मलीं आहेत. ह्यांत चमत्कार कांहीं नाहीं. जूनमध्यें शाळा उघडे. बाप मुलाला घेऊन येई. जन्मतारीख ठाऊक नसे. आणि हेडमास्तर वय पुरें पडेल अशा बेतानें पहिली जून लिहून मोकळे होत. तरीही आपल्या प्रांतांत शाळेच्या जनरल रजिस्टराइतका भरंवशाचा कागद थोडाच. त्याच्या जोडीला गांवचें कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गांव नमुना चौदा; आणि ज्यांची जमीन होती त्यांचे फेरफार. खातेदार वारला, कीं त्याच्या वारसांचीं नांवें लावलीं जातात, आणि तेथें एक पिढी आयती मिळते. २०२३ सालीं कुणबी नोंदींच्या शोधासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे ह्यांची समिति नेमली गेली, तेव्हां ह्याच जुन्या दप्तरांवरील धूळ झटकली गेली, आणि मोडी वाचणाऱ्या माणसांना एकाएकीं मागणी आली. आपल्याही शाळेच्या कचेरींत त्या वर्षीं कित्येक पालक आजोबांची नोंद पाहावयास आले होते. एका वृद्ध गृहस्थांनीं आपल्या वडिलांचें नांव रजिस्टरांत दिसतांच त्यावर बोट ठेवलें, तें बराच वेळ उचललेंच नाहीं.

आतां आमच्या वृक्षांतील त्या चौकटीविषयीं सांगतें, जिच्यासाठीं मीं हा लेख लिहावयास घेतला.

माझ्या वडिलांची आजी, म्हणजे माझी पणजी, १८९९-१९०० च्या दुष्काळांत नगर जिल्ह्यांतील एका मिशनच्या अनाथालयांत आली. वय अदमासें पांच. बाप्तिस्म्याच्या पुस्तकांत तिचें नवें नांव आहे, तारीख आहे, पाळकाची सही आहे. आणि ‘आईबाप’ ह्या रकान्यांत एक आडवी रेघ आहे. शाई अजून काळी आहे. त्या पानावर अशा रेघा एकाखालीं एक पुष्कळ आहेत.

साधनाला रेघ समजत नाहीं. तें रिकामी चौकट पुढें करून विचारीत राहतें. इतकेंच नव्हे, तर कोठल्यातरी परक्या मुलखांतील सारख्या नांवाच्या बाईचे आईबाप आणून ‘हे तर नव्हेत?’ असें सुचवितें. एका मामेभावाचें म्हणणें पडलें, कीं येथें एखादें नांवाजलेलें घराणें घालूं. दुष्काळांत मोठमोठीं घरें बुडालीं होतीं, तेव्हां अशक्य काय आहे? मी तयार झालें नाहीं. त्यानें मला हट्टी ठरविलें. पण ज्या माणसांनीं मुलगी जगावी म्हणून तिला कोणाच्या तरी दारीं सोडलें, किंवा जीं वाटेंतच पडलीं, त्यांची जागा दुसऱ्या कोणाला देण्याचा अधिकार आम्हांला कोणीं दिला? मत्तयानें राजांच्या यादींत तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको ह्यांना ठेवलें आहे. वंशावळ साजिरी करावयाची असती, तर हीं नांवें गाळणें त्याला कठीण नव्हतें.

ह्या शहरांत तर अशा रेघांचा विचार दूरवर जातो. एकोणिसाव्या शतकांत येथील शरणपूर वसाहतींत गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें शिकत होतीं. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ सालीं डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागांत वारले, तेव्हां झाडाच्या खोडावर त्यांचें नांव कोरणारा तोच. आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबींत त्यांचें दफन झालें, तेव्हांही तो हजर होता. जेकब वेनराइट हें नांव त्याच्या आईबापांनीं ठेवलेलें नव्हतें. शरणपुरांतील कित्येक मुलें पुढें मोंबासाजवळच्या फ्रेअरटाऊन वसाहतींत गेलीं, आणि तेथें ‘बाँबे आफ्रिकन’ म्हणून ओळखलीं गेलीं. तेथें कोणी वंशवृक्ष काढावयास बसला, तर त्याच्या शेवटच्या चौकटींत कदाचित् नाशिकचें नांव येत असेल.

पणजीविषयीं बोलावयास आतां आमच्या आत्याबाई तेवढ्या उरल्या आहेत. त्यांचें वय पंच्यायशीं. ऐकूं कमी येतें, पण आठवण शाबूत. त्यांना विचारलें, “आत्या, आजी कधीं आपल्या माहेरचें कांहीं बोलत होत्या का?” त्या म्हणाल्या, “माहेर कसलें ग! आम्ही विचारलें, कीं ती जात्यावर बसायची.” मग थोड्या वेळानें आपल्याशींच हंसल्या. “रागावली मात्र, कीं निराळेंच बोलायची. माझ्या भावाला म्हणायची आंडोर, आणि मला आंडेर. आम्ही सारीं हंसायचों.”

आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. हे शब्द अहिराणीचे. बागलाण, मालेगांव, धुळें ह्या बाजूला आजही चालणारे. नगरच्या अनाथालयांत मराठी वाचावयास शिकलेल्या, साठ वर्षें उपासनेंत मराठी गीतें गाणाऱ्या त्या बाईच्या तोंडून राग आला म्हणजे पांच वर्षांच्या मुलीची भाषा बाहेर येत असे. रजिस्टरांत जें कोणीं लिहिलें नाहीं, तें दोन शब्दांनीं राखून ठेविलें होतें. मीं आईबापांच्या नांवांची चौकट रिकामीच ठेविली, पण जन्मस्थळाच्या रकान्यांत ‘बहुधा बागलाण अथवा खानदेश’ असें लिहिलें, आणि खालीं टीप म्हणून ते दोन शब्द व ते कोणाकडून ऐकले, हेंही नोंदविलें. कोणतीही गोष्ट कोठून कळली, हें लिहून ठेवण्याची सोय ह्या साधनांत आहे. मुलांनीं तिचा उपयोग अवश्य करावा. बहुतेक जण करीत नाहींत, आणि मग दोन वर्षांनीं त्यांनाच आपलें म्हणणें सिद्ध करतां येत नाहीं.

पालकांसाठीं एक सूचना येथें करणें जरूर आहे. फॅमिलीसर्चवरील वृक्ष सर्वांचा मिळून एकच असतो. मृत व्यक्तींची माहिती कोणालाही पाहतां व बदलतांही येते. हयात व्यक्तींची माहिती तें झांकून ठेवतें. इतर साधनें तशी काळजी घेतातच असें नाहीं. मुलांच्या जन्मतारखा व आईचें माहेरचें आडनांव उघड्यावर मांडूं नये. बँकांच्या व्यवहारांत ओळख पटविण्यास हींच उत्तरें मागितलीं जातात.

सुटी संपल्यावर वर्गांत एकेचाळीस तक्ते आले. कांहीं संगणकावर काढलेले, कांहीं कार्डबोर्डावर खडूनें रंगविलेले. एका मुलीनें वृक्षाच्या बुंध्याशीं फक्त आजीला बसविलें आहे. घरीं दोघीच राहतात. एका मुलानें चुलत्यांशीं अबोला असल्यामुळें ती फांदीच गाळली होती. तक्ता पाहून त्याच्या वडिलांनीं ती स्वतःच्या हातानें घातली. दोन्ही तक्ते वर्गाच्या भिंतीवर लावले आहेत.

आमचा तक्ता मोठ्या कागदावर छापून आत्याबाईंकडे नेला. त्यांनीं चष्मा लावून आपली ओळ बोटानें मोजली, पुन्हां मोजली, आणि म्हणाल्या, “आम्ही सहा नव्हे ग, सात. माझ्या पाठची एक अकरा दिवसांत गेली. नांव ठेवायचें राहिलें.” दफनाच्या पुस्तकांत शोधलें, तेव्हां १९४३ च्या पानावर ती सांपडली: वडिलांचें नांव, ‘कन्या’ एवढा शब्द, आणि वय दिवस अकरा. तिची चौकट आतां घातली आहे. तक्ता पुन्हां छापावयास दिला आहे, तो रविवारीं मिळेल.