'गेम' या एका शब्दात किती खेळ?

छत्तीसगढमध्ये ६ ऑक्टोबर २०२२ रोजी 'छत्तीसगढिया ओलिंपिक' या नावाने पारंपरिक खेळांच्या राज्यव्यापी स्पर्धा सुरू झाल्या. त्यांत चौदा खेळ होते. रायपूरच्या तात्यापारा किंवा चौबे कॉलनीतील मराठी घरांत ती यादी वाचली गेली असेल, तर फारसे काही परके वाटले नसेल. भौंरा म्हणजे भोवरा, बाटी म्हणजे गोट्या, पिट्ठूल म्हणजे लगोरी, गिल्ली-डंडा म्हणजे विटीदांडू. आणि फुगडीला तर भाषांतरही लागत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या शहरात मराठी वस्ती आहे, तेव्हा शब्द कोणी कोणाकडून घेतला हा वाद भाषाशास्त्रज्ञांकडे सोडलेला बरा. येथे लक्ष वेधून घेते ती वेगळी गोष्ट. त्या यादीतील प्रत्येक खेळाला स्वतःचे नाव आहे, कारण प्रत्येक खेळ शरीराकडे वेगळी मागणी करतो. गेडीवर चालणाऱ्याला तोल हवा, बाटी मारणाऱ्याला नेम हवा, खो-खोमध्ये क्षणात दिशा बदलता यायला हवी. गेडी आणि बाटी यांना कोणीही एका मापाने मोजत नाही.

त्याच घरांत संध्याकाळी मुलाच्या हाती मोबाईल दिसला, की मात्र सारे भेद पुसले जातात. एक मूल ठोकळ्यांचे गाव उभारत असते, दुसरे शंभर जणांच्या लढाईत उतरलेले असते, तिसरे पत्ते लावत असते आणि चौथ्याने वडिलांच्या खात्यातून पैसे लावलेले असतात. आईच्या लेखी या चारही गोष्टींचे नाव एकच: 'गेम'. या एका शब्दामुळे पहिल्या मुलाला विनाकारण बोलणी बसतात. चौथे मूलही तेवढीच बोलणी खाऊन सुटते, हे अधिक वाईट.

खेळाचा प्रकार चित्रावरून ठरत नाही. तलवार, मोटार किंवा अंतराळयान ही केवळ वेशभूषा. खेळ खेळणाऱ्याला कोणता निर्णय घ्यायला लावतो, त्यासाठी किती वेळ देतो आणि चुकीची किंमत कधी वसूल करतो, यावरून त्याची जात ठरते.

१९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी तयार केलेला 'स्पेस इन्व्हेडर्स' पाहावा. पडद्यावर अकराच्या पाच ओळींत पंचावन्न शत्रू. त्या यंत्राचा प्रोसेसर इतका मंद होता, की तो प्रत्येक चित्रचौकटीत एकच शत्रू हलवू शकत असे. सेकंदाला साधारण साठ चौकटी. म्हणजे संपूर्ण फौज एक पाऊल सरकायला जवळजवळ एक सेकंद लागे. शत्रू मरत गेले, की उरलेल्यांची पाळी लवकर येई आणि फौज आपोआप वेग घेई. शेवटचा एकटा उरलेला शत्रू प्रत्येक चौकटीला हलत असल्याने तो सैरावैरा धावे. यंत्राच्या दुर्बलतेतून निर्माण झालेला हा वाढता ताण निशिकादो यांनी तसाच ठेवला. जिंकत जाणाऱ्याला खेळ अधिक कठीण होत जावा, ही कल्पना पुढे अनेक खेळांत रुजली.

दोन वर्षांनी आलेल्या 'पॅक-मॅन'मध्ये चार भुते आहेत. चौघेही सारखीच पाठलाग करतात असे वाटते. पण तसे नाही. लाल भूत थेट खेळाडूच्या जागेकडे धावते. गुलाबी भूत खेळाडूच्या तोंडासमोर चार घरे पुढची जागा गाठू पाहते. निळे भूत लाल भुताची आणि खेळाडूची जागा मिळून आपले लक्ष्य ठरवते. नारिंगी भूत लांबून पाठलाग करते, पण आठ घरांच्या आत आले की माघारी कोपऱ्याकडे वळते. तोरू इवातानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेले हे चार साधे नियम. त्यांच्या बेरजेतून घेरले गेल्याची भावना निर्माण होते. चौघांपैकी कोणालाही दुसऱ्याशी संगनमत करता येत नाही, हे कळल्यावरही ती भावना जात नाही.

'टेट्रिस'मध्ये शत्रूच नाही. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाझित्नोव्ह यांनी तो बनवला. वरून पडणारे सात आकारांचे तुकडे बसवत जायचे, एवढेच. तरीही पुढे येणारे सगळे तुकडे आधीच सांगून टाकले, घाई अजिबात केली नाही, तरी त्यांची सर्वोत्तम मांडणी हमखास आणि झटपट शोधून देणारी रीत आज कोणालाही ठाऊक नाही. हा प्रश्न संगणकशास्त्रातील अतिकठीण प्रश्नांच्या कुळात मोडतो, हे अमेरिकेतील तीन संशोधकांनी २००२ साली सिद्ध केले. बसमध्ये उभ्याने खेळल्या जाणाऱ्या खेळासाठी ही बरीच मोठी पदवी आहे.

जातीजातींतील हा फरक मनावरही उमटतो का? शॉन ग्रीन आणि डॅफ्ने बॅव्हेलिअर यांचा २००३ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याच प्रश्नाचा होता. एरवी असे खेळ न खेळणाऱ्यांपैकी काहींना दहा दिवस, रोज एक तास, युद्धाचा वेगवान खेळ दिला. तर काहींना तेवढाच वेळ टेट्रिस. पहिल्या गटाची दृश्य-अवधानाची क्षमता अधिक सुधारलेली आढळली. तो परिणाम किती मोठा, किती टिकाऊ आणि खेळाबाहेरच्या कामात कितपत उतरतो, यावर पुढे पुष्कळ वाद झाले आणि अजून चालू आहेत. 'गेममुळे मेंदू तल्लख होतो' असे सांगणाऱ्याला आणि 'गेममुळे मेंदू बिघडतो' असे सांगणाऱ्याला एकच प्रश्न विचारता येतो: कोणत्या गेममुळे?

यंत्रांनीही हा प्रश्न वेगळ्या वाटेने विचारला आहे. २०१५ साली डीपमाइंडच्या संशोधकांनी एकाच शिकणाऱ्या प्रणालीला अटारीचे ४९ जुने खेळ खेळायला लावले. तिला नियम सांगितले नव्हते. पडद्यावरचे ठिपके आणि गुणसंख्या एवढेच तिच्या हाती. भिंतीच्या विटा चेंडूने फोडण्याच्या 'ब्रेकआउट'मध्ये तिने बाजूला बोगदा पाडून चेंडू भिंतीच्या मागे पाठवण्याची युक्ती स्वतःच शोधली. 'माँटेझुमाज रिव्हेंज'मध्ये मात्र तिला जवळजवळ शून्य गुण मिळाले. कारण शोधण्यासारखे आहे. ब्रेकआउटमध्ये एक वीट फुटली की लगेच गुण. चूक आणि बरोबर यांचा निकाल क्षणोक्षणी लागतो. दुसऱ्या खेळात पहिली किल्ली मिळण्याआधी शिडी उतरायची, दोरावर झेप घ्यायची, घरंगळणारी कवटी चुकवायची. आणि एवढे होईपर्यंत बक्षीस काहीही नाही. वाटेत एक चूक झाली की मरण. गुणांच्या मागे धावणाऱ्या यंत्राला या वाटेवर पाऊल टाकण्याचे कारणच सापडत नव्हते. पडद्यावर शिडी आणि किल्ली दिसताच दहा वर्षांचे मूल 'ती किल्ली घ्यायची असणार' असे ओळखते. ती ओळख खेळात लिहिलेली नसते, मूल ती घरातून घेऊन येते. या खेळावर यंत्रांनी पुढे मात केली, पण त्यासाठी कुतूहलाची आणि पाहिलेल्या जागा लक्षात ठेवण्याची सोय वेगळी करावी लागली.

आता रायपूरच्या वसतिगृहांकडे यावे. शंभर खेळाडू, चौसष्ट चौरस किलोमीटरचा नकाशा आणि आकसत जाणारे वर्तुळ असा जो लढाईचा खेळ येथे रात्री खेळला जातो, त्यावर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तो भारतीय नावाने परतला, पुढच्या वर्षी पुन्हा गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा आला. त्याचे खरे रहस्य वर्तुळात आहे. मैदान मोठे असेपर्यंत लपणे फायद्याचे असते. वर्तुळ लहान झाले की लपलेल्याला उघड्यावर यावेच लागते. बंदुकीचा नेम हा त्यातील दुय्यम भाग. पुढचे वर्तुळ कोठे पडेल याचा अंदाज आणि त्याआधी तेथे पोहोचण्याची वाट, हा मुख्य.

या खेळात एक तक्रार सार्वत्रिक आहे: 'भिंतीआड गेलो होतो, तरी गोळी लागली.' तक्रार करणारा खोटे बोलत नसतो, आणि मारणाराही लबाडी करत नसतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. रायपूर ते मुंबई सरळ रेषेत साधारण साडेनऊशे किलोमीटर. जाऊन येण्यास किमान साडेनऊ मिलिसेकंद. सर्व्हर सिंगापूरला असेल तर अंतर सव्वातीन हजार किलोमीटरांच्या घरात आणि किमान वेळ तेहेतीस मिलिसेकंद. पडद्याची एक चौकट सुमारे सतरा मिलिसेकंदांची असते, तेव्हा या दोन चौकटी निसर्गनियमानेच गेल्या. तारांची वळणे, वाटेतली यंत्रे आणि वसतिगृहाचे वायफाय यांचा उशीर आणखी वेगळा. म्हणून प्रत्येकाला दुसरा खेळाडू जेथे दिसतो, तेथे तो क्षणभरापूर्वी होता. अशा अनेक खेळांतील सर्व्हर न्याय करताना घड्याळ मागे फिरवतो: गोळी झाडणाऱ्याने पडद्यावर जे पाहिले, त्या क्षणाला समोरचा कोठे होता हे तपासतो. झाडणाऱ्याच्या दृष्टीने तो उघड्यावर होता. मरणाऱ्याच्या दृष्टीने तो भिंतीआड पोहोचला होता. दोघेही आपापल्या घड्याळाप्रमाणे खरे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला 'एकाच वेळी' या शब्दाबद्दल शंका यायला हवी असेल, तर आइनस्टाइनच्या आगगाडीइतकेच हे उदाहरण हाताशी आहे, जरी कारण अगदी निराळे असले तरी. 'सी++'चे दोन धडे वाचून कंटाळलेले विद्यार्थी या एका प्रश्नावर रात्रभर बोलतात.

राहिला तो चौथा मुलगा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. त्याने ई-स्पोर्ट्स, सामाजिक खेळ आणि पैशाचे खेळ असे तीन भाग केले. पहिल्या दोघांना उत्तेजन. तिसरा चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. यातील धाडसाची बाब अशी, की कौशल्य आणि नशीब हा जुना भेद कायद्याने पैशाच्या खेळापुरता बाजूला ठेवला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीत कौशल्याचा भाग मोठा असल्याचे म्हटले होते, आणि त्या आधारावर बराच व्यवसाय उभा राहिला होता. आता पैसे लावून जिंकण्याची आशा असेल, तर खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, हे विचारलेच जाणार नाही.

या भागाला तो विषय परका नाही. रायपूरपासून तासाभराच्या अंतरावरील भिलाईशी ज्याचे धागे जोडले गेले, ते महादेव बेटिंग अ‍ॅप केंद्र सरकारने ५ नोव्हेंबर २०२३ रोजी आणखी एकवीस अ‍ॅप व संकेतस्थळांसह बंद करण्याचा आदेश दिला होता.

तरीही निवड आणि नशीब यांचा भेद विज्ञानाच्या विद्यार्थ्याने सोडू नये. न्यायालयाला तो नको असला, तरी गणिताला हवा आहे. मराठी परंपरा ज्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते तो मोक्षपट, अर्थात सापशिडी, घ्यावी. (आज उपलब्ध असलेले पट त्यांच्या बऱ्याच नंतरचे आहेत.) तिच्यात खेळाडूला एकही निर्णय नाही. सोंगटी एकच, वाट एकच. फाशाने सांगितलेले करायचे. खेळाडूच्या जागी वारा बसवला तरी निकाल बदलत नाही, आणि कर्मविपाक शिकवण्यासाठी योजलेल्या पटाला ते शोभूनच दिसते. पचिशीतून उतरलेल्या लूडोत फासा तसाच आंधळा, पण सोंगट्या चार. कोणती हलवायची हा निर्णय खेळाडूचा, आणि तेवढ्यापुरते कौशल्य आत शिरते. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ साली आणलेला 'लूडो किंग' टाळेबंदीच्या दिवसांत घरोघर खेळला गेला, तो याच मधल्या जागेमुळे: नातवाला वाटते आपण विचाराने जिंकलो, आणि आजीला आपण नशिबाने हरलो असे म्हणता येते.

त्याच खेळाविषयी सर्वांत जास्त ऐकू येणारा संशय असा, की 'अ‍ॅप मुद्दाम समोरच्याला सहा देते'. आधी साधे गणित. सोंगटी बाहेर काढायला सहा लागतो. सलग दहा फेकांत एकही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के आहे. म्हणजे चौघे जण खेळत असतील, तर त्यांतला कोणी तरी पहिल्या दहा फेकांत घरीच अडकून पडणे हा अपवाद नाही. निम्म्या डावांत तसे होईल. संशय घेणारा बहुधा तोच असतो.

पण संशय तपासता येतो. कोणत्याही मोफत लूडो अ‍ॅपवर ६०० फेकांची नोंद वहीत करावी. फासा नि:पक्षपाती असेल तर सुमारे १०० सहा पडावेत. प्रमाण विचलन साधारण ९, म्हणून ८२ ते ११८ यांच्या दरम्यानचा कोणताही आकडा आश्चर्याचा नाही. त्याबाहेर गेला, तर आणखी ६०० फेका नोंदवाव्यात. स्वतःचे आणि प्रतिस्पर्ध्याचे फेक वेगळ्या रकान्यांत लिहावेत, कारण संशय पक्षपाताचा आहे. दोन अटी पाळाव्यात: किती फेक नोंदवायचे ते आधीच ठरवावे, मनासारखा आकडा आला म्हणून मध्येच थांबू नये, आणि नोंद सुरू करावी ती नव्या डावापासून, ज्या डावात नुकतीच हार झाली त्यापासून नव्हे.