काळी माती आणि पुढची चाके

मराठवाड्यातील शेतकरी आपल्या जमिनीला 'काळी आई' म्हणतो आणि ते यथार्थच आहे. मात्र ही आई पावसाळ्यात आल्या-गेल्याचे पाय धरून ठेवते. लातूर-नांदेडच्या पठारावरील ही माती काळ्या बेसॉल्ट खडकाची शतकानुशतके झीज होऊन तयार झालेली आहे. तिच्यातील चिकणमातीचे सूक्ष्म कण पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आक्रसतात. म्हणूनच ज्या शेतात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, त्याच शेतातून जुलैत वहाणा हातात घेऊन चालावे लागते. मोटारीच्या टायरची नक्षी या चिखलाने पाहता पाहता भरून जाते आणि नवा कोरा टायरही घोटलेल्या दगडासारखा गुळगुळीत होतो. मग चाक फिरते, गाडी मात्र हलत नाही.

आमचा धर्मग्राम एका गावाचा नाही. उदगीरच्या आसपासच्या वाड्यांपासून देगलूर-मुखेडच्या वस्त्यांपर्यंत आमची ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली आहेत. कोठे दहा घरे, कोठे दोनच. या सर्वांसाठी धर्मग्रामाची एकच गाडी, एक पिकअप. दवाखान्याची औषधे, सणाच्या दिवशी मंडपाचे बांबू, मुलांचा मेळावा, धान्याची पोती हे सारे तिच्याच पाठीवर. गाडी गुणी आहे. पण तिला ओढ आहे ती केवळ मागच्या दोन चाकांची. इंजिनाचे ओझे पुढे, जोर मागे आणि पाठीवर माल नसेल तर मागचा भाग हलका. म्हणजे जी चाके ढकलणार, त्यांच्यावरच भार नाही. भरलेली पिकअप एखादे वेळी चिखलातून निघते, रिकामी रुतते, हा विरोधाभास अनेकांना खोटा वाटतो. पण आमच्या भागातील कोणताही ड्रायव्हर त्याची साक्ष देईल.

गेल्या वर्षी जुलै महिन्यात एका वाडीवरून वृद्ध मातेच्या आजारपणाचा निरोप आला. डांबरी सडक सोडल्यावर तीन किलोमीटर गाडीवाट. अर्ध्यावर मागची चाके जागच्या जागी फिरू लागली आणि पाहता पाहता डिफरन्शियलचा गोळा मातीला टेकला. आम्ही पवित्र तेल व कम्युनियनची डबी घेऊन पायीच निघालो. पोहोचलो तेव्हा तिची शुद्ध हरपली होती. रुग्णाभिषेक दिला, ज्या कम्युनियनची ती सकाळपासून वाट पाहत होती, ते मात्र तिला घेता आले नाही. रात्री ती गेली. तिच्या मुलाने आम्हांला एका शब्दानेही दुखावले नाही. उलट दुसऱ्या दिवशी अंत्यविधी उरकल्यावर त्यानेच बैलजोडी आणून आमची गाडी ओढून काढली.

यानंतर धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत एका तरुण सभासदाने सूचना मांडली : आपल्या पिकअपची पुढची चाकेही जुंपून घ्यावीत, म्हणजे ती चार चाकांनी ओढील. पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्या काही कुटुंबांनी त्यासाठी पैसेही देऊ केले. सूचना सर्वांनाच आवडली. आम्हांलाही.

चारही चाके जुंपण्याचे महत्त्व आम्ही फार पूर्वी प्रत्यक्ष पाहिले होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपी गेले असता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीची जड धाबी झोपलेल्यांवर कोसळली व हजारो माणसे मृत्युमुखी पडली. आम्ही त्या वेळी सेमिनरीचे विद्यार्थी होतो आणि मदतकार्यासाठी आलो होतो. पाऊसही आला. धान्य, कापड आणि औषधे घेऊन आलेले ट्रक गावाच्या तोंडाशी रुतून बसलेले आणि त्यांच्या बाजूने लष्कराच्या गाड्या घरघरत पुढे जात असलेल्या, हे दृश्य विसरता येत नाही. त्यांत 'जोंगा' नावाची जबलपूरच्या कारखान्यात बनणारी गाडी होती. तिच्या गेअरच्या दांड्याशेजारी आणखी दांडे होते. त्यांचे प्रयोजन एका जवानाने आम्हांला बिस्किट खाता खाता समजावून सांगितले होते. तेवढेच आमचे यंत्रशास्त्र.

त्या भांडवलावर आम्ही लातूरला एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे गेलो. जुन्या जीपगाड्यांत त्यांची हयात गेलेली. त्यांनी चहा मागवला, पिकअपखाली आडवे झाले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आल्यावर म्हणाले, "फादरसाहेब, नुसती पुढची चाकं जोडून भागत नाही. गाडीचं अर्धं अंग बदलावं लागंल."

त्यांनी जे सांगितले ते असे. पिकअपच्या पुढच्या चाकांना केवळ वळणे ठाऊक असते. त्यांना ओढायला लावायचे तर पुढेही मागच्यासारखाच डिफरन्शियलसह पोकळ आस बसवावा लागतो. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस हवी, म्हणजे इंजिनाचा जोर दोन वाटांनी जाईल. तेथून पुढे एक निराळा शाफ्ट. नवा आस इंजिनाच्या चेंबरला आदळू नये म्हणून पाटे बदलून गाडी उंच करावी लागते. उंच केली की स्टिअरिंगचे दांडे वाकडे होतात, ब्रेकच्या नळ्या अपुऱ्या पडतात. आणि सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे पुढच्या व मागच्या क्राउन-पिनियनच्या दातांचे प्रमाण. ते तंतोतंत एक हवे. भंगार बाजारात मिळालेला पुढचा आस निराळ्या प्रमाणाचा निघाला, तर पुढची चाके एका गतीने धावू पाहतात, मागची दुसऱ्या. त्या ओढाताणीत शाफ्टचे क्रॉस तुटतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर तर प्रमाण सारखे असूनही चारी चाके जुंपू नयेत. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात आणि त्या फरकाला डांबरावर निसटायला जागा नसते. चिखलात ती असते. म्हणूनच तो दुसरा दांडा.

इतके सांगून मिस्त्री म्हणाले, "करून देतो की. पण आर.टी.ओ.ला काय सांगणार?"

हा प्रश्न आमच्या मनात आलाच नव्हता. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे ५२वे कलम असे की, कारखानदाराने ठरवलेल्या व नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. गाडी गॅसवर चालवणे यासारख्या काही बदलांना रीतसर परवानगी मिळते. पण सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निकालानंतर मूळ रचनेला हात लावणे अधिकच अवघड झाले आहे. अपघात झालाच तर विमा कंपनी कागदपत्रे पाहणार. पाठीमागे आमची मुले बसलेली असणार.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत याची चर्चा जरा तापली. "इथं कोण पाहतंय फादर, सगळेच करतात," असे एकाने म्हटले. आम्ही त्यांना एवढेच विचारले की, लग्नाच्या नोंदवहीत वय खोटे लिहू नका असे आम्ही ज्या तोंडाने सांगतो, त्याच तोंडाने गाडीचे कागद कसे दाखवावेत? यावर थोडे हसू झाले आणि विषय मिटला. तरुण सभासद मात्र रुसला. त्याचेही अगदीच चुकत नव्हते. ती वृद्ध माता त्याची आजी होती.

शेवटी देऊ केलेल्या पैशांत थोडी भर घालून आम्ही कारखान्यातूनच चारचाकी ओढीची निघालेली एक जुनी गाडी घेतली. तिच्या नोंदणीपुस्तकात जे आहे तेच तिच्या पोटात आहे. ती शोधायला त्या मिस्त्रींना घेऊन तोच तरुण दोन जिल्हे फिरला आणि परत येताना त्याचा रुसवा उतरला होता. गाडी दवाखान्याच्या धर्मभगिनी व आम्ही मिळून वापरतो. पिकअप अजूनही आहे. पावसाळ्यात तिच्या मागच्या चाकांवर वाळूची चार पोती कायमची ठेवलेली असतात. त्यानेही बराच फरक पडतो आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

यंदा २५ जुलैला, संत ख्रिस्तोफरच्या सणाला, आम्ही दोन्ही गाड्यांना आशीर्वाद दिला. ज्याने प्रवाशांना खांद्यावर घेऊन नदी ओलांडून दिली, अशी त्याची कथा आहे, त्याचा सण ऐन पावसाळ्यात यावा हे मराठवाड्यापुरते तरी फार योग्य आहे. त्यानंतर पंधराच दिवसांनी मुखेडच्या बाजूला नवी गाडीही रुतली. पुढचे एक व मागचे एक अशी दोन चाके हवेत गरगरत राहिली, कारण साधा डिफरन्शियल ज्या चाकाला पकड नाही त्यालाच अधिक फिरवतो. चारही चाके जुंपूनही हा स्वभाव जात नाही. सिस्टर औषधांची पेटी घेऊन खाली उतरल्या. बांधावरचा शेतकरी शांतपणे तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "वापसा येऊ द्या, आई. तवर घोटभर चहा घ्या." सिस्टरांनी चहा घेतला आणि त्याच्याच बैलगाडीतून पुढच्या वस्तीला गेल्या.