बटण बंद, हवा चालू!

फर्स्ट इयरच्या कार्पेंटरी शॉपमध्ये आपण सगळ्यांनीच टी-लॅप जॉइंट बनवलाय. करवत, रंधा, पटाशी आणि हातोडी! हातोडीचं एक बरं असतं. ती दिसते, आणि तिचा जोर म्हणजे आपल्याच दंडाचा जोर. पण गेल्या गॅदरिंगच्या सेटसाठी वर्कशॉपमध्ये हवेवर चालणारी खिळ्यांची गन आली, आणि तिचा जोर कुठे साठलेला असतो हे कुणाला दिसेना.

गन तशी छोटीच. १८ गेजचे बारीक खिळे, लांबी जास्तीत जास्त ३० मिलिमीटर. फर्निचरवाले मिस्त्री प्लायला पट्ट्या ठोकायला वापरतात तीच. ट्रिगर दाबला की कॉम्प्रेसरची हवा आतल्या पिस्टनला ढकलते, पिस्टनची पोलादी पट्टी खिळ्यावर आदळते, आणि पापणी लवायच्या आत खिळा लाकडात.

मॅन्युअल इंग्लिशमध्ये होतं. "ही कॉन्व्हेंटवाली, ही वाचेल" म्हणून ते माझ्या हातात आलं. मी झोकात वाचायला लागले. वर्कशॉपचे मामा शांतपणे म्हणाले, "ताई, इंग्लिश राहू द्या. मी काय करायचं तेवढं सांगा."

इथे माझी खरी व्हायवा झाली! गन उघडण्यापूर्वी एअर सप्लाय डिस्कनेक्ट करा, हे मराठीत कसं सांगायचं? 'हवेचा पुरवठा खंडित करावा' असं काहीतरी पाठ्यपुस्तकी डोक्यात आलं. शेवटी म्हटलं, "मामा, खिळा अडकला तर आधी गनचा पाइप काढायचा, मगच गनला हात लावायचा."

"मशीनचं बटण बंद केलं तर नाही चालणार?"

मामांचा हा प्रश्न म्हणजे या विषयाचं सार आहे. ड्रिल मशीनची पिन काढली की ड्रिल मेलं. कॉम्प्रेसर तसा मरत नाही. बटण बंद केल्यावर मोटर थांबते, टाकीतली हवा तिथेच राहते. आपला बॉइलचा नियम लावा ना. २४ लिटरची टाकी गेजवर ८ बार दाखवत असेल, तर बाहेर येऊ पाहणारी हवा झाली जवळजवळ १९० लिटर! टाकीचा कॉक बंद केला तरी पाइपमध्ये दाब उरतोच, आणि बोटात खिळा घुसायला तेवढा पुरतो. म्हणून पाइप गनपाशीच काढायचा. आपोआप बंद होणारा कपलर पाइपच्या टोकाला हवा आणि गनला नुसता उघडा निपल. उलट बसवलं तर पाइप काढूनही गनच्या पोटात हवा कोंडून राहते.

मग आम्ही क्रम ठरवला. कॉम्प्रेसर सपाट जागेवर. तळाचा ड्रेन कॉक बंद. सेफ्टी व्हॉल्व्ह अडकलेला नाही ना, हे मॅन्युअलप्रमाणे तपासायचं. रेग्युलेटर शून्यावर आणून मग मोटर चालू. टाकी भरली की प्रेशर स्विच मोटर बंद करतो. त्यानंतर गनच्या निपलमध्ये एअर टूलच्या तेलाचे दोन-तीन थेंब, डोळ्यांवर गॉगल, कानात प्लग, आणि गनचं नाक जमिनीवरच्या लाकडाकडे ठेवून, ट्रिगरला बोट न लावता पाइप जोडायचा. खिळे पाइप जोडण्याआधी भरायचे की नंतर, हे कंपनीगणिक बदलतं. ते त्या गनच्या मॅन्युअलप्रमाणेच.

दाबाचा एक घोळ लक्षात ठेवा. मिस्त्री म्हणतात "सहा किलो हवा", गनवर लिहिलेलं असतं पी.एस.आय., आणि आपण पेपरात लिहितो बार! १ बार म्हणजे साडेचौदा पी.एस.आय. सहा किलो म्हणजे साधारण ८५. आमच्या गनची मर्यादा १०० होती. आम्ही ७० पासून सुरुवात केली, टाकाऊ प्लायवर खिळा मारून पाहिला, वर राहिला तर पाच-पाचने दाब वाढवला. गनवर छापलेल्या आकड्याच्या पुढे मात्र कधीच नाही.

टाकी भरेपर्यंत कंटाळलेल्या एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने विचारलं, "वेल्डिंग शॉपमधला ऑक्सिजनचा सिलिंडर जोडू या का? फुल्ल प्रेशर असतं." सगळे हसले, मामा हसले नाहीत. गनमध्ये तेल असतं, आणि दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला भेटला की स्फोट होऊ शकतो. शिवाय भरलेल्या सिलिंडरचा दाब दीडशे बारच्या आसपास. गनला हवी फक्त कॉम्प्रेसरची साधी हवा.

दुसरा हात कुठे ठेवायचा, हे मामांनी आम्हाला शिकवलं. बारीक खिळा गाठीला लागला की आतल्या आत वळतो आणि बाजूने बाहेर येतो. म्हणून लाकूड धरलेला हात खिळ्याच्या लांबीपेक्षा चांगलाच लांब. मोठ्या गनला नाकावर सेफ्टी असते, ते लाकडावर दाबल्याशिवाय खिळा सुटत नाही. काही जण काम भरभर व्हावं म्हणून ते तारेने बांधून टाकतात. तसं केलं की कुणाचा धक्का लागून ट्रिगर दाबला गेला तरी खिळा थेट हवेत! काही छोट्या गनला तर हे नाक नसतंच. तिथे सेफ्टी म्हणजे आपलं बोट. आणि अंगावरचा भुसा त्या हवेने उडवायचा नाही. ती हवा डोळ्यात, कानात किंवा जखमेतून आत गेली तर हॉस्पिटलच गाठावं लागेल.

काम संपलं की मोटर बंद, पाइप काढला, टाकी रिकामी केली आणि ड्रेन कॉक उघडला. भुरकट पाणी आलं! दाबलेल्या हवेतली वाफ टाकीत गार होऊन साठते. ते पाणी रोज काढलं नाही तर टाकी आतून गंजत जाते, आणि पातळ झालेला पत्रा बाहेरून कळत नाही.

सेट दुसऱ्याच दिवशी मोडला. कॉम्प्रेसरच्या वरची पाटी मात्र अजून आहे. मजकूर माझा, शब्द मामांचे: "बटण बंद म्हणजे हवा बंद नाही. आधी पाइप काढा." यंदा सेट बनवायला वर्कशॉपमध्ये जाल, तेव्हा आधी ती वाचा. इंग्लिशची गरज नाही!

— टी. ई. मेकॅनिकल