अळणी भाजी आणि पापडाचा डबा

लातूर डाळींचं गाव. इथल्या मिलमधली तूरडाळ लांबलांब जाते, पण आमच्याच घरी ती बोअरच्या पाण्यात धड शिजत नाही. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला धरून बसतं आणि दाणा टणक राहतो. म्हणून आई कुकरमध्ये चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायची. 2016 च्या उन्हाळ्यात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं डाळीसाठी वेगळं पाणी कोण मागणार?

बाबांना बीपी निघालं. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. आईनं भाजीतलं मीठ निम्मं केलं. "अहो, होईल सवय," ती म्हणायची. बाबा दोन घास खायचे, "हाताला चवच राहिली नाही" म्हणायचे आणि उडदाचा पापड मागायचे. सोबत लोणचं.

मी तेव्हा नांदेडला बीएस्सी करत होते. सुट्टीत घरी आले की हे रोजचं भांडण ऐकू यायचं. एकदा वहीत हिशेबच मांडला. मीठ म्हणजे सोडियम क्लोराईड. 1 ग्रॅम मिठात सुमारे 400 मिलिग्रॅम सोडियम. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याच्या 1 ग्रॅममध्ये सुमारे 270. तापला की त्यातला कार्बन डायऑक्साईड उडून जातो, सोडियम तिथंच राहतं. आणि ते मिठासारखं खारट लागत नाही, म्हणून जिभेला पत्ताच लागत नाही. पापडातला पापडखारही सोडियमचाच क्षार, वर पिठात मीठ असतंच.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सांगते, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ. वरणातली चिमूट त्यात फार नाही. पण पापड, लोणचं, शेव, चहाबरोबरची खारी यांची बेरीज मोठी होते. विकतच्या पुड्यावर सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचनं गुणलं की मीठ किती ते कळतं.

आता आई डाळ फिल्टरच्या पाण्यात रात्रीच भिजवते. सोडा लागत नाही. भाजीवर लिंबू पिळलं की मीठ कमी असल्याचं फारसं जाणवत नाही. पापड फक्त रविवारी.

पथ्य एकाचं असतं, बोल मात्र रांधणारीला लागतात. आमच्याकडे अळणी भाजीवरून आईनं ऐकून घेतलं, आणि सोडियम पापडाच्या डब्यातून येत राहिलं. घरच्या डब्यावर आकडा छापलेला नसतो. तो हिशेब जेवणाऱ्यानंही ठेवायला हवा.