फिरायची यादी

परदेशात नव्याने आलेल्या जोडप्याला दोन घाया असतात. घर लावायची आणि फिरायला निघायची. पैसे आणि शनिवार-रविवार मात्र तेवढेच असतात, त्यामुळे या दोन घाया एकमेकींच्या मुळावर येतात.

म्युनिकमध्ये आम्हाला भाड्याचं घर मिळालं, तेव्हा स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती, नळजोडाची दोन तोंडं आणि छतातून लोंबणाऱ्या वायरी होत्या. जर्मनीत हे सर्रास चालतं. घर सोडणारा भाडेकरू ओटा, कपाटं, सिंक, अगदी दिवेसुद्धा काढून नेतो, नाहीतर नव्या भाडेकरूला विकतो. आमच्या आधीच्याने सगळं नेलं होतं. मग इंडक्शनच्या एका शेगडीवर खिचडी शिजायची आणि भांडी बाथरूममधल्या बेसिनमध्ये घासली जायची. त्याच दिवसांत नवऱ्याने जमिनीवरच्या गादीवर बसून लॅपटॉपवर तक्ता केला: व्हेनिस, प्राग, पॅरिस, लिस्बन. "ओटा काय गं, पुढच्या महिन्यात होईल. तिकिटं महागतील," असं त्याचं म्हणणं.

त्यालाही कारण होतं. निवासपरवान्याच्या कार्डावर मुदतीची तारीख छापलेली असते, आणि ती रोज पाकिटात दिसत राहिली की राहायला आलेला माणूसही मनाने पर्यटकच राहतो. उद्या परत जावं लागलं तर? तेव्हा आधी सगळं बघून घेऊ.

या घाईला व्यवस्थेचीही साथ असते. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी, मोझेल नदीतल्या बोटीवर पाच देशांनी आपसातल्या सीमा खुल्या करण्याचा करार केला. आज त्या क्षेत्रात २९ देश आहेत. जर्मनीचा निवासपरवाना असेल तर भारतीय पासपोर्टवरही त्यातल्या इतर देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय फिरता येतं. पुण्यात याच देशांसाठी बँकेची स्टेटमेंटं आणि सॅलरी स्लिपा लावलेली जाडजूड फाइल घेऊन लोक रांगेत उभे असतात. इथे शुक्रवारी रात्री ठरवायचं आणि शनिवारी सकाळी साल्झबुर्गची गाडी पकडायची. परतीला बऱ्याचदा पोलीस डब्यात चढतात, कारण ऑस्ट्रियाच्या सीमेवर जर्मनीने २०१५ पासून पुन्हा तपासणी सुरू केली आहे. पोलीस कार्ड बघतो, मग चेहरा, आणि पुढच्या बाकाकडे वळतो. सीमा खुली आहे हे खरं, पण कार्ड घरी विसरून चालत नाही.

खरा प्रश्न रजेचा. आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला कायद्याने वर्षाला किमान २० दिवस मिळतात, बऱ्याच कंपन्या ३०च्या आसपास देतात. ऐकायला भरपूर. पण त्यातली निम्मी रजा भारताची. गणपतीला सांगली गाठायची, चॉकलेटं वाटायची, कांदा-लसूण मसाला बॅगेत कोंबायचा आणि एका मावशीकडे जेवलो म्हणून दुसरी रुसू नये याची काळजी घ्यायची. ऑफिसात विचारतात, सुट्टीत आराम झाला का? त्यांना काय सांगणार! ती सुट्टी नसतेच, हजेरी असते. भांडायला उरतात ते बाकीचे दिवस.

ओटा बसला आणि हळूहळू यादी बदलली. रविवारी भिंतीला ड्रिल लावायचं नाही, रिकाम्या बाटल्या पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी अशा वेगळ्या टाकायच्या, हे अंगवळणी पडलं त्याच सुमारास तक्त्यात कोखेलचं तळं दुसऱ्यांदा आलं. म्युनिकहून गाडीने साधारण तासाभराचं अंतर. वरच्या वालखेन तळ्याचं पाणी सुमारे २०० मीटर खाली सोडून तिथे १९२४ पासून वीज तयार होते. ते जाड पाइप बघून सांगलीकराला कोयना आठवणारच. पहिल्या खेपेला आम्ही पाइपांचे फोटो काढले होते. दुसऱ्या खेपेला डबा नेला, गवतावर झोपलो आणि ऊन उतरल्यावर उठून आलो.

पर्यटकाला एका जागी दुसऱ्यांदा जाणं परवडत नाही, त्याचा हिशेब नव्या नावांचा असतो. बघितलेलंच पुन्हा बघायला जाण्याची चैन राहणाऱ्याची. कायमचा परवाना मिळण्याच्या अटी सरकारने ठरवल्या आहेत: ब्लू कार्ड या नोकरदारांच्या निवासपरवान्यावर असलेल्याला बी१ पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिने, ए१वर भागवलं तर २७. कार्यालयासाठी ते ठीक आहे. पण माणूस किती रुजला, हे त्याच्या यादीत एकच नाव किती वेळा येतं त्यावरून जास्त कळतं.

आता वसंतात सासू-सासरे येणार आहेत. नवऱ्याने सवयीने पॅरिस आणि स्वित्झर्लंड आखलं. फोनवर सासूबाई म्हणाल्या, "ते बघू रे. तुम्ही रोज भाजी कुठे घेता, ते आधी दाखव." म्हणून पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या तुर्की दुकानातली कोथिंबीर, दुसऱ्या दिवशी कोखेल. पॅरिस पुढे ढकललंय, आणि तेही त्यांचे गुडघे काय म्हणतात ते बघून.